शाळेची नोकरी घेतली तर मी गिटारिस्ट राहीन का?

ताई नमस्कार,

मी ४७ वर्षांचा, कर्वेनगरला राहतो. कॉलेजात जॅझचा नाद लागला तो लागलाच, त्यापायी चांगली नोकरी सोडली आणि तेव्हापासून गिटार वाजवणं आणि शिकवणं यावरच घर चाललंय. खरं सांगायचं तर बायको बँकेत आहे म्हणून चाललंय. आधी कॅम्प, कोरेगाव पार्क, मुंबई, गोवा असं बरंच वाजवलं, आता महिन्याला एखादा कॉर्पोरेट शो नाहीतर लग्नातलं संगीत, त्यात जॅझ म्हणजे पाहुणे जेवत असताना अर्धा तास. बाकी दुपारी तीन ते रात्री नऊ घरीच क्लास. मुलं ग्रेडच्या परीक्षा देतात नाहीतर हिंदी गाण्यांचे कॉर्ड शिकतात. माझी गिटार क्लासमधे केसमधून बाहेरच येत नाही, काही दाखवायचं असलं तर मुलाच्याच गिटारवर दाखवतो. स्वतः केलेल्या पंधरा-सोळा रचना वहीत पडून आहेत, एकही रेकॉर्ड केलेली नाही.

आता बाणेरच्या एका शाळेने फुलटाइम म्युझिक टीचरची ऑफर दिलीय. पगार चांगला, पीएफ, सुट्ट्या. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. बायको म्हणते घे. एक जुना मित्र आहे, एकत्र वाजवायचो आम्ही, तो म्हणाला 'चला, म्हणजे रिटायर झालास.' ते डोक्यातून जात नाहीये. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. नोकरी घेतली तर मी गिटारिस्ट राहीन का?

– एक गिटारवाला, कर्वेनगर

*

नमस्कार दादा,

नोकरी घ्या. पण आत्ता समोर आलीय तशीच्या तशी नको, दोन-तीन गोष्टी लेखी करून घ्या आणि मग घ्या, त्या कुठल्या ते पुढे सांगते. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू, कारण मला वाटतं तुमची खरी अडचण तिथे आहे, शाळेत नाही आणि मित्राच्या बोलण्यात तर नाहीच.

ते वाक्य म्हणजे तुमची गिटार क्लासमधे केसमधून बाहेर येत नाही. दादा, रोज सहा तास तुम्ही गिटारच्या खोलीत बसता आणि त्या सहा तासांत स्वतःचं वाद्य हातात घेत नाही. म्हणजे जूनमधे शाळा सुरू झाली की गिटार सुटेल अशी जी भीती तुम्हाला वाटतेय ती गोष्ट घरात कधीच सुरू झालीय, आणि ती शिकवण्यामुळे झालेली नाही, ज्या पद्धतीने शिकवताय त्यामुळे झालीय. हे तुम्हाला लागेल, पण मला हे आनंदाने सांगावंसं वाटतंय, कारण नोकरी घ्या नाहीतर सोडा, ही गोष्ट उद्या दुपारी तीन वाजता तुमच्या हातात आहे.

आता मित्राचं 'रिटायर'. जॅझ गिटारमधे जे खरोखर मोठे झाले त्यांची आयुष्यं जरा जवळून बघितली तर काय दिसतं? जिम हॉल घ्या, तुम्ही अर्थातच ऐकला असणार, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. १९३० चा जन्म, क्लीव्हलंडच्या इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमधून रीतसर शिकून १९५५ ला बाहेर पडला, पुढे कंपोझिशन शिकायचं चाललं होतं ते अर्धवट सोडून लॉस एंजेलिसला गेला आणि चिको हॅमिल्टनच्या बँडमधे लागला. १९६२ हे वर्ष तर असं की कुठल्याही वादकाला हेवा वाटावा. सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स दोनेक वर्षं स्टेज सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा रियाज करत होता, तो परत आला तेव्हा त्याने बँडमधे पियानो ठेवलाच नाही, त्या जागी जिम हॉलची गिटार घेतली, आणि 'द ब्रिज' ही रेकॉर्ड झाली. त्याच वर्षी बिल एव्हान्सच्या पियानोबरोबर फक्त दोघांची रेकॉर्ड. याच्यावर अजून काय पाहिजे माणसाला? आणि हाच जिम हॉल त्यानंतर काही वर्षांत टीव्हीवरच्या मर्व्ह ग्रिफिन शोच्या बँडमधे पगारी वादक होता. रोज जायचं, समोर जो कागद येईल तो वाजवायचा, घरी यायचं. तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेलच की संपला हा.

संपला कसला. सत्तरच्या दशकात रॉन कार्टरच्या बेसबरोबर परत दोघंच, मग शिकवणं, बिल फ्रिझेल नावाचा पोरगा त्याच्याकडे धडे घ्यायला यायचा, तोच फ्रिझेल पुढे स्वतः एवढा मोठा झाला की २००८ ला दोघांची जोडीने रेकॉर्ड आली, गुरु-शिष्य शेजारी शेजारी बसून. पॅट मेथेनीबरोबर १९९९ ला तसंच. आणि कंपोझर म्हणून, जे तरुणपणी अर्धवट सुटलं होतं ते, त्याची स्ट्रिंग्जसाठीची, ब्राससाठीची मोठी कामं साठीच्या पुढे झाली. डेन्मार्कचा जॅझपार पुरस्कार १९९८ ला मिळाला तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. २०१३ च्या डिसेंबरमधे गेला, त्या वर्षीही स्टेजवर वाजवत होता. तुम्ही ४७ चे आहात. हिशोब तुम्हीच करा.

वेस माँटगोमेरी या दुसऱ्या मोठ्या जॅझ गिटारवाल्याचं मात्र मी तुम्हाला उदाहरण म्हणून देणार नाही, जरी लोक नेहमी देतात. इंडियानापोलिसला दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लब, तो संपला की दुसरा क्लब, घरी सात मुलं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक सोडून अंगठ्याने वाजवायला लागला आणि तोच त्याचा आवाज झाला. गोष्ट फार सुंदर आहे, पण तो ४५ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, १९६८ ला. कलेसाठी झोप सोडा असं कोणी सांगायला आलं की मला तो आठवतो. तुम्ही दुपारी तीन ते नऊ क्लास चालू ठेवून शिवाय शाळा करणार असाल तर तेवढं करू नका, क्लास कमी करावेच लागतील.

आणि 'वाजवता येत नाही तो शिकवतो' हे जे म्हणतात ना, त्याला माझ्याकडे मिक गुडरिक हे एकच उत्तर आहे. बॉस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात गिटार शिकला, तिथेच शिकवायला लागला, मग गॅरी बर्टनच्या बँडमधे वाजवलं, सत्तरच्या दशकात मधे काही काळ त्या बँडमधे गुडरिक आणि मेथेनी असे दोन गिटारवाले एकत्र होते, विचार करा. जगभर फिरायचा रस्ता उघडा होता आणि तो हळूहळू त्यातून बाहेर आला, बॉस्टनला राहिला, शिकवत राहिला. स्वतःच्या नावावर रेकॉर्डी अगदी मोजक्या. पण १९८७ ला त्याचं 'द ॲडव्हान्सिंग गिटारिस्ट' आलं, आणि त्यात पहिल्याच भागात तो सांगतो की सगळे पॅटर्न, बॉक्स, पोझिशन बाजूला ठेवा आणि एका तारेवर वाजवा. फक्त एका. आपल्याकडे सतार-सरोदवाल्याला यात नवल वाटणार नाही, एका तारेवर आडवं जाणं हेच तर त्यांचं मूळ आहे, पण गिटारवाल्याचा हात लहानपणापासून उभा, चौकटीत बसलेला असतो, त्याला हे करताना अक्षरशः आपण काही शिकलोच नाही असं वाटतं, मग पंधरा-वीस मिनिटांनी कान जागा होतो. जो माणूस हे शोधून काढतो तो वाजवणं सोडलेला माणूस नव्हे हो. २०२२ ला गेला तेव्हा जगातले निम्मे नावाजलेले जॅझ गिटारवाले आपापल्या परीने 'मी त्याच्याकडे शिकलो' म्हणत होते.

आणि हे सगळं अमेरिकेतलं कशाला, तुम्ही पुण्यात आहात. भास्करबुवा बखल्यांनी मैफली गाजवल्या, १९११ साली इथे भारत गायन समाज काढला, १९१६ ला 'स्वयंवर' नाटकाच्या चाली बांधल्या, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांच्याकडे शिकले. गवई, संगीतकार, गुरुजी, तिन्ही एकच माणूस. पुण्यात शंभर वर्षांत कोणी विचारलं नाही की बुवा नक्की कोण, गाणारे की शिकवणारे. मग गिटारवाल्यालाच हा प्रश्न का पडावा? मला वाटतं तो पडतो कारण तुमच्याकडच्या तीन कामांत आत्ता काही नातं राहिलेलं नाही. शिकवणं ग्रेडचं, वाजवणं लग्नाचं, रचना वहीत. तीन वेगळे कप्पे झालेत आणि प्रत्येक कप्पा एकटाच वाळत चाललाय.

म्हणून उद्यापासून पहिलं काम, क्लास सुरू व्हायच्या आधी स्वतःची गिटार काढून, सुरात लावून, स्टँडवर ठेवायची. आणि प्रत्येक धड्याची शेवटची दहा मिनिटं मुलाबरोबर वाजवायचं, दाखवायचं नाही, वाजवायचं. ग्रेड वन असला तरी. तुम्ही म्हणाल त्याला काय येतंय, त्याला दोन स्वर येतात ना, बास. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, जॅझमधला सगळ्यात नेहमीचा रस्ता, मुलाला त्याचे अख्खे कॉर्ड देऊच नका. फक्त चौथी आणि तिसरी तार. पहिल्यांदा चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर पाचवा, म्हणजे एफ आणि सी. मग फक्त तिसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे, एफ आणि बी, झाला जी सेव्हन. मग फक्त चौथ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे, ई आणि बी, आलं सी मेजर. प्रत्येक वेळी एकच बोट हलतं, तेही एकच घर, आणि दहा वर्षांच्या मुलालाही ऐकू येतं की काहीतरी ताणलं गेलं आणि मग सुटलं. त्याला बारला, म्हणजे चार मात्रांच्या प्रत्येक तुकड्याला, चार ठोके, सरळ, हळू, असं वाजवू द्या, फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमधे गिटारवर १९३७ पासून १९८७ ला जाईपर्यंत जवळजवळ तेवढंच करत होता आणि त्याच्याशिवाय तो बँड उभा राहिला नसता. आणि तो मुलगा ते वाजवतोय तेव्हा वर तुम्ही सोलो वाजवा. खरा. घाबरून सोपा करू नका.

यातून दोन गोष्टी होतील. मुलाला पहिल्यांदा कळेल की सर काय वाजवतात, ही गोष्ट तुमच्या निम्म्या विद्यार्थ्यांना माहीतच नसेल असं मला वाटतं, आणि तुम्ही रोज सात-आठ वेळा दहा-दहा मिनिटं कोणाच्या तरी साथीवर सोलो वाजवलेला असेल, तोही डळमळीत साथीवर. साथीदार लय सोडतोय आणि तुम्ही ती धरून ठेवताय, याच्यासारखा वेळेचा रियाज मेट्रोनोम देत नाही. महिनाभर करा आणि मग स्वतःचा हात बघा.

दुसरं, ती वही. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. अमान्सिओ डिसिल्व्हा, गोव्याच्या घरातला, मुंबईत १९३६ ला जन्मलेला जॅझ गिटारवाला आणि कंपोझर, १९६७ ला लंडनला गेला, १९६९ ला सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' ही रेकॉर्ड केली, आपल्या रागांचा आणि जॅझचा मेळ त्या काळात इतक्या सहज कोणी घातला नव्हता, पुढे हॅम्पशायरला कृष्णमूर्तींच्या ब्रॉकवुड पार्क शाळेत शिकवलं. हो, शाळेत. तर त्याची 'कोंकण डान्स' नावाची रेकॉर्ड १९७२ ला वाजवून तयार झाली आणि पडून राहिली. तो १९९६ ला गेला. रेकॉर्ड बाहेर आली २००६ ला. पण आली, कारण टेप होती. वाजवलेलं होतं, जतन झालेलं होतं. तुमच्या वहीतल्या पंधरा-सोळा रचनांची टेप नाहीये दादा. नोटेशन आहे, पण जॅझच्या रचनेचं नोटेशन म्हणजे हेड, म्हणजे मूळ चाल, आणि कॉर्डची नावं, त्याच्यात ती कशी श्वास घेते ते कुठे असतं? ते तुमच्या हातात आहे फक्त.

म्हणून स्टुडिओ, अल्बम, कव्हर, हे काही डोक्यात आणू नका आत्ता. रविवारी सकाळी, खालच्या रस्त्यावर हॉर्न सुरू व्हायच्या आत, एक रचना, एकटी गिटार, फोन नाहीतर साधा रेकॉर्डर, दोनदा वाजवायची, जी बरी ती ठेवायची, फाइलला नाव आणि तारीख. मेपर्यंत बऱ्याचशा होतील. मी सोमवार न सांगता रविवार सांगतेय कारण घरात माणसं असावीत, कोणीतरी दारातून ऐकत असावं, त्याने वाजवणं बदलतं हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता शाळा. करारावर सही करायच्या आधी या गोष्टी नीट बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मधे असं आहे की नोकरीत, नोकरीचं काम म्हणून जे केलं त्याच्या हक्काचा पहिला धनी नोकरी देणारा, म्हणजे शाळा, जोपर्यंत वेगळा करार नाही तोपर्यंत. गॅदरिंगसाठी प्रार्थना किंवा गाणं केलंत तर ते शाळेचं झालं, ठीक आहे, त्याचाच पगार आहे. पण करारात कधी कधी 'नोकरीच्या काळात केलेली सर्व निर्मिती संस्थेची' असं सरसकट वाक्य घुसवलेलं असतं. ते असेल तर बदलून घ्या, साध्या भाषेत लिहून घ्या की आधी केलेल्या रचना आणि शाळेच्या कामाबाहेर, शाळेच्या वेळेबाहेर केलेल्या रचना माझ्या. वहीची यादी, नावं आणि तारखांसकट, सोबत जोडा. रविवारच्या त्या फायली इथे पण उपयोगी पडतील. कॉपीराइटची नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, रचना झाली की हक्क असतोच, पण कधी केली हे दाखवता आलं पाहिजे. आणि रचना प्रसिद्ध करायला लागलात की आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, सभासद व्हा, ती संस्था १९६९ पासून संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते आणि किती तरी वाजवणाऱ्यांना ती आपल्यासाठी पण आहे हे माहीतच नसतं, वाटतं ते फक्त सिनेमावाल्यांचं.

दुसरं करारातलं, संध्याकाळी बाहेर वाजवायला आणि घरी मोजके विद्यार्थी घ्यायला हरकत नाही हे लेखी. तोंडी 'हो हो सर, काही प्रॉब्लेम नाही' वर जाऊ नका, प्रिन्सिपल बदलतात. वर्षातून किती शनिवार शाळेत यावं लागतं, गॅदरिंगच्या आधीचा महिना कसा असतो, हे तिथल्या आत्ताच्या कुठल्यातरी शिक्षकाला चहा पाजून विचारा, ऑफिसला नको. आणि पगाराचा हिशोब करताना क्लासचं बारा महिन्यांचं खरं उत्पन्न धरा, मे महिना, दिवाळी, परीक्षांचा मार्च, पोरं गावाला गेली की फी येत नाही ते सगळं वजा करून. मग कदाचित लक्षात येईल की शाळेच्या पगारात तुम्हाला घरचे विद्यार्थी आठ-दहावर आणता येतात, आणि ते आठ-दहा तुम्ही निवडू शकता, ज्यांना खरंच जॅझ शिकायचंय असे. आत्ता तुम्हाला निवड नाहीये. नोकरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट मला पगारापेक्षा ही वाटते.

वाजवायचं कुठे, हा प्रश्न उरतो. कोरेगाव पार्क-कल्याणीनगरचे कॅफे चालू राहतात, बंद पडतात, मालक बदलला की गाणी बदलतात, त्यांच्यावर रुसून उपयोग नाही. लग्नाची संगीतं मात्र सोडा आता, पगार कशासाठी घेताय मग. तुम्ही ज्या शहरात राहता तिथे घरगुती बैठकीची सवय लोकांच्या अंगात आहे. दिवाणखान्यातलं फर्निचर भिंतीला लावायचं, सतरंजी, पंचवीस-तीस माणसं, चहा, आणि समोर कलाकार. हेच जॅझ गिटारला का नको? हॉलोबॉडी गिटार, छोटा ॲम्प, सोबत एक डबल बेस नाहीतर साधा बेस, ड्रमवाला असेल तर ब्रशेसवर. याच्याइतकं बैठकीला योग्य दुसरं वाद्यमंडळ मला सुचत नाही. आणि ऐकणारे म्हणाल तर सवाईला थंडीत शाल गुंडाळून तासन् तास बसणारे लोक आहेत हे, एक राग तास-तासभर ऐकतात, त्यांना एका धुनेवर आठ मिनिटं सोलो ऐकायला कोणी शिकवायला नको. त्यांना फक्त सुरुवातीला सांगा की ही मूळ चाल, ही बत्तीस बारची, आता आम्ही हिच्याच आवर्तनांवर नवीन वाजवणार आणि शेवटी परत चालीवर येणार. एवढं कळलं की समेवर मान हलवणारे लोक तुमच्या पहिल्या बारवर पण हलवतील.

महिन्याचा एक दिवस ठरवा, दुसरा शनिवार म्हणा, आणि तो दिवस बदलायचा नाही, पाऊस असो, मॅच असो. साडेसहाला सुरू, साडेआठला संपलं पाहिजे, म्हणजे रात्री दहाच्या स्पीकरच्या नियमाचा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा प्रश्न येत नाही. प्रत्येक वेळी वहीतली एक रचना, निदान एक. शेवटी एका विद्यार्थ्याला बसवा, ते दोन तारांवालं साथीला वाजवायला. पहिल्या दोन-तीन बैठकांना माणसं कमी येतील, येऊ देत.

तुमच्या त्या मित्रालाही बोलवा, नुसतं ऐकायला नको, वाजवायला. तुम्ही एकत्र वाजवायचात म्हणालात. मला त्याच्या वाक्यात कुचकेपणापेक्षा दुसरंच काहीतरी ऐकू आलं, कदाचित त्याचं स्वतःचं वाजवणं सुटलंय आणि तुम्ही अजून वाजवताय एवढ्यावर त्याचं काहीतरी टिकून होतं. हा माझा अंदाज, तुम्ही त्याला ओळखता.

कलकत्त्याला कार्लटन किटो नावाचे गिटारिस्ट होते, बीबॉप वाजवायचे. पार्क स्ट्रीटचा जॅझचा जमाना गेला, हॉटेलांनी बँड काढून टाकले, बरेच वादक देश सोडून गेले नाहीतर दुसरं काही वाजवायला लागले, हे तिथेच राहिले, तेच वाजवत राहिले आणि कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकमधे मुलांना शिकवत राहिले, २०१६ ला जाईपर्यंत. भारतात जॅझ गिटार टिकली ती अशा माणसांच्या हातून. तुम्ही त्याच रांगेत बसलेले आहात, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. कर्वेनगरात एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला जॅझ गिटारचा चार्ली ख्रिश्चन कोण होता हे कळणार असेल तर ते तुमच्याकडूनच कळणार आहे, नाहीतर कळणार नाही.

वहिनींबद्दल एक. त्या 'घे' म्हणतात याचा अर्थ त्यांना तुमचं वाजवणं नको झालंय असा लावू नका, पत्रात तसं थेट नाही पण सूर तसा वाटला. इतकी वर्षं बँकेच्या पगारात जॅझ सांभाळलंय त्यांनी. मुलीच्या दहावीच्या वर्षात घरी दुपारी तीन ते नऊ शिकाऊ गिटारींचा आवाज नसणं हा पण त्यांच्या मनातला मुद्दा असू शकतो, आणि तो रास्त आहे. रविवारचं रेकॉर्डिंग आणि शनिवारची बैठक या दोन गोष्टी त्यांच्याशी बोलून पक्क्या करा, मग शाळेला फोन करा.

शाळेने लेखी द्यायला नकार दिला, म्हणजे रचनांचं वाक्य काढणार नाही किंवा बाहेर वाजवायचं नाही म्हणाले, तर मात्र हो म्हणू नका. तेव्हा त्यांना विचारा की आठवड्यातून तीन दिवस व्हिजिटिंग म्हणून चालेल का. पुष्कळ शाळांना चालतं, म्युझिकसाठी तर चालतंच. पगार कमी होईल, पीएफ बहुधा जाईल, पण तीन दिवसांचं ठरलेलं उत्पन्न, दोन दुपारी घरचे निवडक विद्यार्थी, असं करूनही दहावीचं वर्ष निघेल. तेही नाही म्हणाले तर बाणेर-औंध-पाषाणमधे अजून शाळा आहेत, आणि जूनची भरती मार्च-एप्रिलपासूनच चालू असते, तेव्हा या शाळेच्या उत्तराची वाट बघत बसू नका, या आठवड्यातच आणखी दोन-तीन ठिकाणी बायोडेटा पाठवून ठेवा. सोबत रविवारच्या रेकॉर्डिंगमधली एक फाइल जोडा.